मुखवट्याची मागची बाजू

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीच्या पानावर एक फोटो आला आहे. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचा हॉल, करडा सोफा, वर पिवळा दिवा, आणि त्या उजेडात भिंतीवर टांगलेला लाकडी मुखवटा. डोळे वटारलेले, मिशा पिळलेल्या, दात ओठांबाहेर. खाली ओळ छापली आहे : ‘आदिवासी राक्षसाचा मुखवटा, हॉलला हटके लूक’. फोटोत अर्थातच पुढची बाजू दिसते. मला मागच्या बाजूबद्दल लिहायचं आहे. पत्र लांबणार आहे, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी एस.टी.त वाहक होतो. १९८७ साली जव्हार डेपोत लागलो आणि पुढची अकरा वर्षं तिथेच काढली. मग बदली होऊन ठाण्याला आलो आणि २०१९ साली इथूनच निवृत्त झालो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे सगळं तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. आपल्या पुरवणीत त्या मुखवट्याला नुसतं ‘आदिवासी’ म्हणून मोकळं व्हावं इतका तो मुलूख ठाणेकरांना लांबचा नाही. कालपरवापर्यंत आपलं कलेक्टर ऑफिस एकच होतं.

माझ्या वाट्याला मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी जव्हारहून निघायचं, मोखाडा तालुक्यातल्या एका गावात रात्री गाडी उभी करायची, ड्रायव्हर आणि मी शाळेच्या ओट्यावर झोपायचं, पहाटे सहाला पहिली घंटी मारायची. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे येईलच.

शिमगा होऊन गेला होता. चैत्राचे दिवस. जेवून आडवे झालो तेवढ्यात संबळ वाजायला लागला. मी मूळचा संगमेश्वरकडचा, ढोल-ताशावर वाढलेला, पण संबळाचा आवाज वेगळाच, पोटात शिरतो. ड्रायव्हर जुना माणूस. तो म्हणाला, ‘‘आज झोप नाही मास्तर, बोहाडा आहे.’’ बोहाडा म्हणजे मुखवटे घालून देव-राक्षसांची सोंगं नाचवायचा सण. आम्ही दोघं उठून गेलो.

देवळापासून गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत वाट मोकळी ठेवलेली. दोन्ही बाजूंना माणसं, पोरंबाळं गोधड्या घेऊन बसलेली. दोन गॅसबत्त्या आणि टेंभे. संबळवाले, सनईवाला. आधी गणपतीचं सोंग आलं. कुठल्याही गावी पहिला मान त्याचाच. मग शारदा, म्हणजे सरस्वती, मोरावर बसून. तो मोर बांबू आणि कापडाचा, नाचणाऱ्याच्या कमरेला बांधलेला. बायकांची सोंगं पुरुषच घेतात. मग एकेक करून मारुती, नरसिंह, त्राटिका, वेताळ, खंडेराव, कुंभकर्ण, रावण. यादी गावागणिक बदलते. कुठे तीन रात्री चालतं, कुठे पाच, कुठे सात. शेवटच्या रात्रीला मोठा बोहाडा म्हणतात, आणि पहाटे जगदंबा निघते, महिषासुराशी तिचं युद्ध होतं. त्या वेळी अख्खं गाव जागं असतं. नवस बोललेले असतात, फेडायचे असतात. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आणि गुजरातच्या डांगात यालाच भवाडा म्हणतात. वारली, कोकणा, महादेव कोळी अशा सगळ्या समाजांचा हा सण आहे.

पहिल्या वर्षी मी नुसता बघत राहिलो. दुसऱ्या वर्षी एकाने मला सोंग बांधतात तिथे आत नेलं. ते मी जन्मभर विसरणार नाही. कुडाची खोली. मधोमध पाटावर मुखवटा, त्याच्यापुढे तांदूळ, कुंकू, नारळ, उदबत्ती. ज्याला सोंग घ्यायचं तो तिशीचा गडी, सकाळपासून उपाशी. त्याने मुखवट्याला हात जोडले. म्हाताऱ्याने त्याच्या डोक्याला जुन्या धोतराचे चार वेढे दिले, कानांवरून, हनुवटीखालून. मग लाकडाचा तो मुखवटा दोघांनी उचलून त्याच्या चेहऱ्यावर धरला आणि मागे दोरीने आवळला. आत कपाळाशी आणि गालांशी चिंध्यांच्या घड्या कोंबल्या, नाहीतर लाकूड कातडं सोलतं. मी विचारलं, दिसतं का? तो आतून म्हणाला, ‘‘पायाखालचं दिसतं, लांबचं नाही.’’ डोळ्यांची भोकं अंगठ्याएवढी. म्हणून दोन्ही बाजूंनी माणसं दंडाला धरून चालतात. बाहेर आला आणि संबळाची थाप पडली की त्याचे पाय आपसूक उचलायला लागले. चार पावलं पुढे, वळण, दोन मागे. म्हातारा माझ्याशेजारी उभा राहून बारीक नजरेने त्याची पावलं बघत होता. त्याआधी तेवीस वर्षं तेच सोंग त्याने नाचवलं होतं. त्याच्याआधी त्याच्या बापाने.

संपादक महोदय, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या गावात प्रत्येक सोंग कुणा ना कुणा घराचं आहे. नरसिंह या घरचा, महिषासुर त्या घरचा. घर वाटून गेलं, भाऊ वेगळे झाले, तरी सोंगाचा मान कुणाकडे हे गावाला ठाऊक असतं. आमच्या गावाकडे पालखी नाचवायचा मान जसा ठरलेला, तसाच. महिषासुराचं सोंग ज्या घरात आहे त्या घराला कुणी हिणवत नाही. उलट, जगदंबेपुढे उभं राहायला छाती लागते म्हणून मानतात. आणि आपण ओळ छापतो ‘राक्षसाचा मुखवटा’.

त्या रात्री महिषासुर होऊन नाचलेला माणूस सकाळी सहाच्या गाडीत माझ्याकडून भिवंडीकडे जायचं तिकीट घेऊन बसला होता. कपाळावर कुंकू तसंच, गालाच्या हाडावर लाकडाचा वळ उमटलेला, मांडीवर भाकरीचं फडकं. वीटभट्टीवर कामाला होता. बोहाड्यासाठी दोन दिवस सुटून आला होता. जव्हार पार व्हायच्या आत त्याला झोप लागली. सुटे पैसे मी त्याच्या खिशात घातले, त्याला कळलंसुद्धा नाही.

आणखी एक प्रसंग सांगतो. बोहाड्याच्या आधी मुखवटे रंगवून घेतात. एकदा एक बाबा गोधडीत गुंडाळलेलं मोठं ओझं घेऊन गाडीत चढले. गाडी खचाखच. मी सवयीने म्हटलं, टपावर टाका, लगेज लागेल. बाबा गोधडीचं तोंड थोडं उघडून म्हणाले, ‘‘देव हाय मास्तर. वर कसा टाकू?’’ आत गणपतीचा मुखवटा होता, सोंड पोटाशी वळलेली, जुना रंग पोपडे येऊन सुटलेला. खिडकीशी बसलेली एक बाई काही न बोलता उठली. बाबा तिच्या जागेवर बसले आणि दोन तास देव मांडीवर धरून आले. ती बाई उभी राहिली, तिच्या कडेवर पोर होतं. मी लगेज फाडलं नाही. नियमात ते बसत नव्हतं, त्या दिवशीच्या वेबिलात त्याची नोंद नाही, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

आता ठाण्याकडे येतो. आपला फोटो बघून मला चैन पडेना. सोमवारी मुलाला घेऊन मी शहरातल्या एका दुकानात गेलो. तिथे असे मुखवटे मिळतात एवढं कानावर होतं. दुकानाचं नाव लिहीत नाही, मला कुणाशी भांडण नको आहे. भिंतीवर पाच मुखवटे होते. चार नवे, कागदाच्या लगद्याचे, चांगले केलेले. पाचवा लाकडाचा, किमतीची चिठ्ठी साडेअठरा हजारांची. मी विक्रेत्या मुलाला म्हटलं, जरा खाली काढ बाळा, मागून बघू दे. त्याला नवल वाटलं. गिऱ्हाईक मागून बघत नाही.

मागे टाकीचे घाव तसेच होते, गुळगुळीत केलेले नव्हते. कपाळाच्या जागी लाकूड काळंभोर आणि तुळतुळीत झालेलं, उंबरठा पायांनी होतो तसं. तो घाम होता, किती वर्षांचा कोण जाणे. कानांजवळ दोरीची दोन भोकं, दोरीने झिजून लांबट झालेली. हनुवटीच्या खोबणीत चिंधीचा एक तुकडा अजून चिकटून होता, लाल काठाच्या लुगड्याचा. मी तो मुखवटा परत भिंतीवर लावू दिला आणि बाहेर येऊन बसलो. मुलगा विचारत होता, बाबा काय झालं. मला उत्तर देता येईना.

हा नाचलेला मुखवटा होता. तो गावाबाहेर कसा आला? या मुखवट्याचं मला माहीत नाही, पण एका मुखवट्याचं माहीत आहे. मी मुक्कामाला असायचो त्या गावात एका घरातली बाई बाळंतपणात अडली. जीप करून लांबच्या दवाखान्यात न्यावी लागली, पैसे लागले. त्याच पावसाळ्यात शहरातून एक माणूस जुन्या वस्तू शोधत फिरत होता. घरातला नरसिंह तीनशे रुपयांत गेला. ते तीनशे रुपये त्या वेळी खरोखर उपयोगी पडले, बाई आणि पोर दोन्ही वाचले. विकणाऱ्याला मी काडीचाही दोष देत नाही. पुढच्या चैत्रात त्या घराने कागदाच्या लगद्याचा नरसिंह करून घेतला आणि नाचवला. म्हणजे सोंग घरात राहिलं, आजोबांनी घातलेलं लाकूड तेवढं गेलं. माणूस वळचणीला उभा राहून मला म्हणाला होता, ‘‘नाचताना हलका लागतो, पण कपाळाला ओळखीचा वाटत नाही.’’ गावाचं नाव मी का लिहीत नाही हे आता कळलं असेल. अजून दोन-चार लाकडी मुखवटे तिथे शिल्लक आहेत.

मुखवटे विकूच नयेत असं मी म्हणत नाही. जव्हारच्या परिसरात मुखवटे करणारी घरं आहेत आणि त्यांचं पोट त्यावर चालावं असंच मला वाटतं. काम मी बघितलेलं आहे. मातीचा साचा करायचा, त्यावर भिजवलेल्या कागदाचा लगदा थराथराने बसवायचा, उन्हात वाळवायचा, साच्यावरून सोडवायचा, पांढरा हात द्यायचा आणि मग रंग. डोळे शेवटी. डोळे रंगवताना तो कारागीर बोलत नसे, आणि आम्हालाही बोलू देत नसे. लाकडाचा करायचा तर सावर किंवा शिवण, कारण ती लाकडं हलकी. सागाचा मुखवटा घालून कोण रात्रभर नाचणार? विक्रीसाठी म्हणून केलेला नवा मुखवटा तुम्ही जरूर घ्या, घासाघीस न करता घ्या, कुणी केला आणि कोणतं सोंग आहे ते विचारून घ्या. अंगठ्याएवढे डोळे आणि मागे घामाचा डाग दिसला, तर मात्र तो भिंतीवर टांगायचा नाही एवढंच माझं म्हणणं आहे. तो कुणाच्या तरी आजोबाचा आहे.

ठाण्यात माझ्यासारखे कोकणातले लोक लाखांनी आहेत. त्यांना मी आमच्या भाषेत विचारतो. शिमग्याला ग्रामदेवतेची रुपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, लागतात, पालखी सजते, घरोघर येते. पालखी अंगणात यायची म्हणून आपण कल्याण-ठाण्याहून रजा टाकून, मिळेल त्या गाडीने, उभ्याने गावी जातो. ती चांदीची रुपं कुणी सोफ्यावरच्या भिंतीला खिळे ठोकून लावली आणि खाली ‘हटके लूक’ लिहिलं, तर आपण काय करू? शिमग्यात नाचणाऱ्या आपल्या संकासुराच्या सोंगाला कुणी राक्षस म्हणून विकायला काढलं तर? संकासुर आला की पोरं पळतात, पण आया त्याच्याच पायावर पोर घालतात. बोहाड्यातही अगदी असंच आहे. भीमासुर आला की पोरं गोधडीत तोंड लपवतात, आणि तोच दारात आला की घरची बाई ताट घेऊन ओवाळते.

वारली चित्रांचं आपण हेच केलं. ठाण्यात पुलाच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर, चादरीवर, कपावर ती त्रिकोणी माणसं सगळीकडे दिसतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याचा मला फार आनंद झाला होता. पण लग्नघरात सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, म्हणजे चौकोनी चित्र काढतात, त्यात पालघट देवी बसवतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, त्याशिवाय लग्न लागत नाही, हे किती ठाणेकरांना माहीत आहे? चित्र आलं आणि चौक मागे राहिला. मुखवट्याच्या बाबतीत तरी असं होऊ नये म्हणून वेळेवर लिहितो आहे.

आणि हे लोक काही फक्त तिकडे डोंगरात नाहीत. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची माणसं कामाला बाहेर पडतात. भिवंडी, वसई, ठाणे. सकाळी नाक्यावर पाटी-फावडं घेऊन उभी असतात. ज्या इमारतीच्या हॉलमध्ये तो मुखवटा टांगला आहे, तिच्या पायाचे खड्डे त्यांच्यापैकी कुणी खणले नसतील असं मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीत ड्रेनेजचं काम चाललं होतं. एप्रिलमध्ये दोन माणसं आठवडाभर आली नाहीत. कमिटीच्या मीटिंगमध्ये सगळे चिडले, ‘ही माणसं अशीच, पैसे हातात आले की गायब.’ मी कंत्राटदाराकडून गाव विचारून घेतलं, आणि सगळ्यांना सांगितलं की त्यांच्याकडे बोहाडा आहे. आपण गणपतीला चार दिवस मुंबई रिकामी करतो ना, तसंच समजा. ती दोघं परत आली तेव्हा मी विचारलं, कोणतं सोंग? एक जण माझ्याकडे बघतच राहिला. ठाण्यात त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग हातातलं घमेलं खाली ठेवून म्हणाला, ‘‘कुंभकर्ण. आमच्या घरचा हाय.’’ आणि तिथेच, उकरलेल्या मातीच्या ढिगाऱ्याशेजारी, त्याने मला कुंभकर्णाची पावलं करून दाखवली. जड, डुलत, झोपेतून उठल्यासारखी. वरच्या गॅलऱ्यांतून चार बायका बघत होत्या.

आपल्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, त्या फोटोखालची ओळ दुरुस्त करा. ‘बोहाड्यातील सोंगाचा मुखवटा’ एवढं छापलं तरी पुरे. दुसरी, पुढच्या वेळी असा फोटो छापताना गाव, सोंग आणि करणाऱ्याचं नाव छापा, त्याची हरकत नसेल तर. चित्रकाराचं नाव छापता, मग याचं का नको? तिसरी, होळीनंतर आपला एखादा वार्ताहर बोहाड्याला पाठवा. तासाभरासाठी नको. गणपती-शारदा बघून, दोन फोटो काढून निघून येणारे पुष्कळ असतात, त्यांना जगदंबा भेटत नाही. कसाऱ्यापर्यंत लोकल आहे, पुढे खोडाळ्याकडे जीप मिळते, मोखाड्याला एस.टी. जाते. संध्याकाळच्या गाडीने जावं, पहाटेच्या गाडीने यावं. ज्या गावी जायचं तिथे आधी विचारावं, आलेलं चालेल का. माझा अनुभव असा की ‘नको’ कुणी म्हणत नाही, वर नागलीची भाकरी देतात.

जाणाऱ्याने एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. सोंग समोरून येत असताना मोबाइलचा दिवा त्याच्या तोंडावर मारू नये. हल्ली मी हे फार ऐकतो. आतल्या माणसाला दोन अंगठ्याएवढ्या भोकांतून फक्त पायाखालची जमीन दिसत असते. दिवा पडला की तीही दिसेनाशी होते, आणि तो लाकडासकट खाली येतो.

आपला विश्वासू,
एस.टी.चा एक निवृत्त वाहक
लोकमान्यनगर, ठाणे (प.)
(नाव-पत्ता कार्यालयाला कळवला आहे, छापू नये ही विनंती.)